जीवन शिक्षण मंदिर

नगर जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या गावांत प्राथमिक शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'जीवन शिक्षण मंदिर' ही अक्षरे अजून दिसतात. रंग दरवर्षी नवा लागतो, अक्षरे तीच राहतात. नाव गांधींच्या मूलोद्योगी शिक्षणाच्या काळातले. तेव्हा ही 'बोर्डाची शाळा' होती. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ती 'झेडपीची शाळा' झाली, पण भिंतीवरचे मंदिर हलले नाही. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. बोलताना लोक नगरच म्हणतात, म्हणून इथेही नगरच.) या 'मंदिर' शब्दाला नुसती शोभा समजू नये. खेड्यातली पहिली शाळा पुष्कळदा मारुतीच्या देवळात, नाहीतर चावडीत किंवा धर्मशाळेत भरत असे. देवळाच्या सभामंडपात मुले पाढे म्हणत आणि दर्शनाला आलेली म्हातारी त्यांच्या मधून वाट काढत गाभाऱ्याकडे जाई. पुढे खोल्या झाल्या, कौले चढली, शाळा देवळातून बाहेर पडली. देऊळ मात्र शाळेतून बाहेर पडले का, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावतो आहे.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, त्या दिवशी 'प्रवेशोत्सव' असतो. गावातून प्रभातफेरी निघते, नव्या मुलांना कुठे सजवलेल्या बैलगाडीतून आणतात, दारात औक्षण होते. मग परातीत कुंकवाचे पाणी करून पहिलीतल्या पोराचे पाय त्यात बुडवतात आणि पांढऱ्या कागदावर त्याचे ठसे उमटवतात. घरात लक्ष्मी येते तेव्हा रांगोळीने काढतात तशीच ही पावले. दुसऱ्या दिवसापासून रोजचा परिपाठ सुरू. रांगा, सावधान-विश्राम, राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, आणि पुष्कळ शाळांत शेवटी पसायदान. ते पसायदान याच जिल्ह्यातले आहे. नेवाशाला, प्रवरेच्या काठी, एका खांबाशी बसून ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेवरची टीका सांगून पुरी केली आणि शेवटी हे मागणे मागितले. प्रतिज्ञा मूळची तेलुगू. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली लिहिली. रोज पुढे हात करून ती म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल? मंत्राचा ऋषी विचारायचा नसतो, मंत्र म्हणायचा असतो, हे आपण शाळेतही पाळले आहे.

यात चेष्टेसारखे काही नाही. समूहाला विधी लागतात. सहा वर्षांच्या मुलाला घर सोडून पहिल्यांदा सार्वजनिक जागी पाऊल टाकताना कुंकवाचा ठसा मिळाला तर कुणाचे काय बिघडले? माझी तक्रार पुढची आहे. सरकारी शाळेकडे आपण धर्मसंस्थेकडे पाहावे तसे पाहू लागलो आहोत, आणि त्यामुळे तिला नमस्कार करणारे खूप आहेत, तिच्यावर हल्ला करणारेही आहेत, पण तिचे काम तपासणारे जवळजवळ कुणी नाही. भाविक मूर्तीला प्रश्न विचारत नाही. नास्तिक विचारतो, पण उत्तराला थांबत नाही. या दोघांच्या मध्ये इयत्ता पाचवीत बसलेले एक मूल असते. त्याला समोरचा परिच्छेद वाचता येतो की नाही, एवढी साधी गोष्ट दोघांच्याही वादात येत नाही.

नगरला आधुनिक शाळा आली तीच मुळी धर्माचे बोट धरून. अमेरिकन मराठी मिशनने इथे १८३१ साली ठाणे मांडले. मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ साली इथूनच निघू लागले. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८३९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८६२ पर्यंत, नगरला मुलींच्या शाळा चालवत होती. जोतीराव फुले यांनी त्या पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षकी तयारीतही या फरारबाईंचा वाटा सांगतात. मिशनच्या शाळेचा हेतू उघड होता. वाचता आले की बायबल वाचता येईल, बायबल वाचले की आत्मा तरेल. या मिशनचे मुख्य कार्यालय बॉस्टनला होते. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात १८३७ पासून होरेस मान सरकारी शाळांचा पुरस्कार करत गावोगाव हिंडत होता, आणि सामाईक सरकारी शाळा समाजाचे सगळे दुखणे बरे करील असा त्याचा विश्वास होता. आत्म्याच्या जागी नागरिक आला, तारणाच्या जागी प्रगती आली. विश्वासाचा सूर मात्र तोच राहिला. पुढे १९७१ साली इव्हान इलिच याने शाळा हीच आधुनिक जगाची चर्च झाली आहे असे पुस्तकभर मांडले. तो स्वतः कॅथलिक पाद्री होता, तेव्हा चर्च कशी चालते हे त्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. त्याचा उपाय मला पटत नाही. ज्या गावात शाळेखेरीज पुस्तक कुठेच नसते, तिथे 'शाळा मोडा' म्हणणे ही पोट भरलेल्याची उपासाची शिफारस झाली. त्याचे निदान मात्र हसण्यावारी नेता येत नाही.

फुल्यांचे उदाहरण मला इथे फार मोलाचे वाटते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यात आहे, आणि ती एवढ्या स्पष्टपणे इतक्या लवकर करणारे या देशात फार थोडे होते. पण त्याच कागदात, त्याच दमात, ते सरकारी शाळेची सालटी काढतात. रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, शिक्षक एकाच जातीतले भरले आहेत, शिकवतात ते कुणब्याच्या पोराच्या कामाचे नाही, असे ते म्हणतात. शिक्षक कसा हवा? प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराची तासणी हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा. मागणी आणि झडती एकाच श्वासात! सत्यशोधकाला हे साधले, कारण शाळा त्याला हवी होती, पण ती त्याला पूजायची नव्हती. आपण फुल्यांचे छायाचित्र वर्गात लावले, ३ जानेवारीला आणि ११ एप्रिलला हार घातला, आणि त्यांच्या निवेदनातली मागणी घेतली. झडती कुठे गेली?

ती कायद्यातही सापडत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांनी १९११ साली असेच विधेयक मांडले होते आणि पुढच्या वर्षी ते पडले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी ते ऋण फिटले आणि चांगलेच झाले. पण या कायद्याची अनुसूची सावकाश वाचावी. शाळा कशाला म्हणावे, याची ती संहिता आहे. दर शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, आहार शिजवायला स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. शिक्षकाला आठवड्याला ४५ तास. यातली एकही गोष्ट नको असे कुणी म्हणणार नाही. पण एवढ्या तासांनंतर मुलाला काय यावे, याबद्दल अनुसूचीत चकार शब्द नाही. वास्तुशास्त्र पूर्ण आहे, शिखर किती, सभामंडप केवढा, प्रदक्षिणेची वाट कुठून, सगळे आहे. देव आत आला का, हे विचारायची सोय नाही.

'मान्यता' हा शब्द म्हणूनच मला प्राणप्रतिष्ठेसारखा वाटतो. मान्यता मिळेपर्यंत मुले, मास्तर, फळा, सगळे असूनही शाळा नसते. मिळाली की सगळे जसेच्या तसे असूनही ती शाळा होते. उलट, आत काहीही न होता ती वर्षानुवर्षे शाळाच राहू शकते. राळेगणसिद्धीत १९८० च्या जूनमध्ये हे अगदी उघडपणे दिसले. गावाने माध्यमिक शाळा उभी करायची तयारी केली, श्रम दिले, पैसा दिला. अडले ते मान्यतेपाशी, आणि ती मिळावी म्हणून अण्णा हजारे उपोषणाला बसले. पुढे ज्या उपोषणांनी दिल्ली हलली, त्यांची सुरुवात नगरला एका शाळेच्या कागदासाठी झाली, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. उपास हे नवसाचे साधन. ते इथे शिक्षण खात्याच्या दारी वापरावे लागले, कारण जे हवे होते ते त्याच्याच हातात होते. गंमत अशी, की मान्यता मिळाल्यावर राळेगणच्या या शाळेने नाव कमावले ते इतरांनी नापास करून हाकललेली मुले घेऊन. नापासांची शाळा. कायद्याच्या कुठल्याच रकान्यात ही गोष्ट बसत नाही आणि जिल्ह्यातल्या शाळांच्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

पूजा ज्याची होते त्याची मोजणीही होते, पण चुकीच्या गोष्टीची. सरकारी शाळेत मोजला जातो तो पट. पटावर शिक्षक ठरतात, संचमान्यता ठरते, धान्य ठरते, अनुदान ठरते. मग पट फुगतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा एका शाळेतले मूल दुसऱ्या शाळेत उभे करू नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. ते दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. दुसरीतली मुलगी बाकावर बसली आहे, तिच्या नखाशी जांभळी रेघ आहे, आणि सरकार तिची खात्री करून घेते आहे. ती आहे याची. तिला काय येते याची नव्हे. त्या तीन दिवसांत कागदावरची मुले लाखांनी उघडी पडली. आणि जी खरी होती, ज्यांच्या बोटाला शाई लागली, त्यांना त्या दिवशी एक ओळ वाचायला द्यावी असे कुणाला सुचले नाही. सगळी यंत्रणा प्रत्येक मुलापर्यंत पोहोचलेली होती, एक ओळ वाचून घ्यायला प्रत्येकी अर्धा मिनिट लागला असता.

वाचायला देणारे कुणीतरी निराळेच निघाले. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर'ची पाहणी करते. खेड्यात घरोघर जाऊन मुलापुढे एक कागद ठेवतात, त्यावर अक्षरे, शब्द, एक साधा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. देशभरातल्या ग्रामीण पाचवीतल्या मुलांपैकी ती दुसरीची गोष्ट वाचू शकणारी २०१८ साली जेमतेम निम्मी होती, कोविडनंतर २०२२ साली ४३ टक्क्यांच्या आसपास, आणि २०२४ साली ४९ च्या जवळ. या पाहणीवर आक्षेप पुष्कळ आहेत. कागद एकच, पाहणी करणारे स्वयंसेवक, मूल अनोळखी माणसापुढे बुजते. आक्षेप खरे धरू आणि आकडा पाच-दहाने वाढवू. तरी काय उरते? खाजगी शाळांचा आकडा सरकारीपेक्षा वरचा आहे, पण तिथेही घराची ऐपत वजा केली की अंतर बरेच आटते, असे अभ्यासक सांगतात. म्हणून मी हा आकडा सरकारी शाळेविरुद्ध वापरत नाही. मी तो आपल्या मोजण्याविरुद्ध वापरतो. पाच वर्षे, वर्षाला ८०० तास, म्हणजे चार हजार तास एका खोलीत काढून निम्म्या मुलांना एक गोष्ट वाचता येत नाही, आणि तरी हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही आणि ऑनलाइन माहितीचे सगळे रकाने भरलेले असतात. विधी यथासांग पार पडलेला असतो.

नगर जिल्ह्याला या बाबतीत स्वतःचे एक दुखणे आहे, आणि ते बाहेरच्या कुठल्याही तत्त्वज्ञापेक्षा जास्त शिकवते. प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांखालचा उत्तर भाग उसाचा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला तो इथे. दक्षिणेकडचे पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके कोरडे. त्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, बोचकी, कोंबड्या आणि पोरे. मग मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कारखान्याच्या तळावर, नाहीतर फडाच्या कडेला कोपीत. पहाटे आई-बाप फडात गेले की नऊ वर्षांची पोर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढ्याच्या पेंढ्या बांधते. म्हणजे एकच जिल्हा मजूर पाठवतो आणि मजूर घेतोही. आणि शाळेचे वर्ष? दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होते, नेमके तेव्हा मूल निघून गेलेले असते. एप्रिलमध्ये सत्र संपते, नेमके तेव्हा ते परत येते. कायद्याने त्याला नापास करता येत नव्हते, नाव कापता येत नाही, वयाप्रमाणे वरच्या वर्गात बसवायचे असते. हे सगळे नियम मुलाच्या बाजूने केलेले आहेत. पण पहिलीपासून दर वर्षी एक सत्र गेलेले मूल सहावीत पोहोचते तेव्हा ते कागदावर सहावीत असते आणि पुस्तकासमोर दुसरीत.

याच्यावर उपाय झाले नाहीत असे नाही. 'जनार्थ'सारख्या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. शाळा मुलाच्या मागोमाग गेली. पाचटाचे छप्पर, एक तरुण शिक्षक, पाच इयत्ता एकत्र. हक्काचा कायदा आला आणि सरकारचे धोरण जवळच्या नियमित शाळेत दाखल करण्याकडे, शिक्षण हमी पत्रकाकडे आणि गावातल्या हंगामी वसतिगृहांकडे वळले. तर्क उदात्त होता, की मजुराच्या मुलाला झोपडीतली दुय्यम शाळा का, त्याला पूर्ण, पक्की, मान्यताप्राप्त शाळाच मिळाली पाहिजे. पण जवळची नियमित शाळा म्हणजे अनोळखी गाव, अर्धे झालेले पुस्तक, 'टोळीवाल्याचं पोर' म्हणून ओळख, आणि मांडीवरचे धाकटे भावंड ठेवायचे कुठे हा प्रश्न. पक्क्या देवळाचा आग्रह धरून आपण फिरती पालखी बंद केली, असे मला वाटते. आपल्याकडे पंचांगातसुद्धा अधिक महिना घालून चंद्र आणि सूर्य यांचा मेळ बसवतात. शाळेच्या पंचांगाला ऊस आणि मूल यांचा मेळ बसवण्यापुरती तेवढीही सवड काढता आली नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते म्हणतात, सरकारी शाळेवर असे बोलण्याची ही वेळ नव्हे. तिच्यावर टपलेले पुष्कळ आहेत. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याची योजना पुढे आली, तेव्हा अशा शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात असल्याचे समोर आले. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाडीवरची शाळा उचलून खालच्या मोठ्या गावात नेली तर मुलगी ओढा ओलांडून जाईल की घरी बसेल, हे सांगायला आयोग नको. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले शाळा जाणार म्हटल्यावर शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली होती. दप्तरे परत घ्या, आम्हाला शेळ्या द्या. याहून नेमके निवेदन मी वाचलेले नाही. तर अशा वेळी शाळेचे उणे काढणे म्हणजे बंद करणाऱ्यांच्या हातात कोलीत देणे नव्हे का?

माझे उत्तर असे, की बंद करणारे त्याच पंथाचे आहेत. तेही पटच मोजतात. भाविक म्हणतो शाळा आहे म्हणून राहू द्या, प्रशासक म्हणतो वीसच्या खाली आहे म्हणून हलवा, आणि दोघांच्याही कागदावर त्या अठरा मुलांना काय येते याचा रकाना कोरा. तो भरलेला असता तर वस्तीशाळेची सगळ्यांत मोठी ढाल तीच झाली असती. अठरा मुलांपैकी सोळा अस्खलित वाचतात, अशी शाळा कुठल्या तोंडाने हलवाल? आणि तीनच वाचत असतील, तर शाळा वाचवायची म्हणजे नेमके काय वाचवायचे, हे आपल्यालाही स्वतःला विचारावे लागेल. झाकलेली मूठ सव्वा लाखाची, हे व्यापारात चालते. इथे मुठीत मूल आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा. 'धर्म' हा शब्द दोष म्हणून वापरता, पण मराठीत धर्म म्हणजे कर्तव्यही. शेजारधर्म, राजधर्म. मुलांना शिकवणे हा राज्याचा धर्मच आहे. हे मला मान्य आहे, शंभर टक्के मान्य आहे. माझे म्हणणे त्या धर्माची जागा पंथाने घेतली एवढेच. राजधर्मात राजाला जाब विचारता येतो, पंथात महंताला विचारत नाहीत. आणि पंथ म्हटले की शाखा आल्या. गावाच्या फाट्यावर पिवळी बस उभी राहते, टाय घातलेली पोरे तिच्यात चढतात आणि 'इंग्लिश मीडियम'ला जातात. लोक याला सरकारी शाळेवरची अश्रद्धा समजतात. मला ते पंथांतर वाटते. तीच मान्यता, तोच गणवेश, तेच वर्ष, घोकण्याची भाषा तेवढी बदलली. तिथेही बाप फी भरतो आणि पोराची वही चकाचक आहे का ते पाहतो. त्यातले पोराला किती कळले ते पाहत नाही.

सरकारी शाळेचा पुरस्कार करणारे आपली मुले मात्र तिच्यात घालत नाहीत, हा टोमणा नेहमीचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तर आदेशच दिला होता की उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. तो अंमलात आला नाही. यावा असेही मला वाटत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९२२ साली सगळ्याच मुलांवर सरकारी शाळा सक्तीची केली होती. त्या कायद्यामागे कु क्लक्स क्लॅन होते आणि रोख कॅथलिक शाळांवर होता. १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शाळेची सक्ती आणि सरकारी शाळेची सक्ती यांत फरक आहे. पहिली मुलासाठी असते, दुसरी शाळेसाठी. सक्तीने भरलेल्या देवळात गर्दी होते, एवढेच.

भक्तीचे फायदे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच जिल्ह्यात लोकवर्गणीतून शाळांना खोल्या, रंग, संगणक मिळाले. पोरीचे लग्न दोन वर्षे लांबले ते 'शाळा शिकते आहे' या वाक्यापुढे आजोबाही गप्प बसतात म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि तिच्या शाखा नगरच्या खेड्यापाड्यांत पसरल्या, त्या नुसत्या हिशेबी वृत्तीने पसरल्या नसत्या. पण कर्मवीरांची गोष्ट पुरती सांगायची तर हेही सांगावे लागते, की स्वातंत्र्यानंतर लगेचच सरकारवर जाहीर टीका केली म्हणून रयतचे अनुदान थांबले होते. पुढे ते मिळाले. स्वावलंबन हे ब्रीद असलेल्या माणसाचा सरकारी पैशावर हक्क होता आणि जीभही शाबूत होती. शाळेवरची भक्ती अशीही असू शकते. तीच भक्ती पालकाला मात्र उंबऱ्याबाहेर चप्पल काढून, हात जोडून उभी करते. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असायला हवेत आणि समितीत निम्म्या बायका. अधिकार कमी नाहीत. पण पोराचे गुरुजी समोर बसलेले, इतिवृत्ताची वही आधीच लिहिलेली, सहीसाठी जागा दाखवलेली. तिथे तिसरी शिकलेली बाई 'माझ्या लेकाला वाचता का येत नाही' हे कसे विचारणार? तिला तो प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. आणि चांगल्या शिक्षकालाही, जो निवडणुकीची यादी, जनगणना आणि दहा ऑनलाइन नमुने यांतून वेळ चोरून शिकवत असतो, तो आरोप वाटतो. पुजाऱ्याच्या जागी बसवले की माणसाला अडचण सांगता येत नाही. आपल्या वर्गातल्या नऊ जणांना वाचता येत नाही, मला मदत द्या, असे तो केंद्रप्रमुखाला सांगेल तर त्याच्याच सेवापुस्तकावर डाग. म्हणून तोही रकाना भरतो.

आणि नगरकरांना देवस्थानाचा हिशेब मागणे नवीन नाही, हे विशेष. शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी २००४ साली राज्याने स्वतंत्र कायदा केला, शनिशिंगणापूरसाठी २०१८ साली केला. संस्थानाच्या पैशाचे काय झाले म्हणून भक्तच उच्च न्यायालयात जातात, पेटीतल्या रकमेचे आकडे वर्तमानपत्रात छापून येतात, विश्वस्तांवर ताशेरे येतात. यामुळे साईबाबांवरची श्रद्धा कमी झाल्याचे कुणी म्हणत नाही, उलट हिशेब मागणारा स्वतःला अधिक निष्ठावंत समजतो. देवाच्या बाबतीत जमलेली ही गोष्ट शाळेच्या बाबतीत का अवघड व्हावी? नेवाशात सातशे वर्षांपूर्वी झाले तेही असेच काहीसे होते. गीता पूज्यच होती. पण ज्यांच्यासाठी आहे त्यांना ती कळते का, हा प्रश्न एका पोरसवद्या माणसाने विचारला आणि उत्तर म्हणून नऊ हजार ओव्या मराठीत सांगितल्या.

पुष्कळ झेडपी शाळांच्या व्हरांड्यात एक काळा फळा असतो. पांढऱ्या ऑइलपेंटने त्यावर रकाने कायमचे आखलेले असतात. इयत्ता, पट, हजर, गैरहजर. रोज सकाळी परिपाठानंतर एखादी सातवीतली मुलगी ओल्या फडक्याने कालचे आकडे पुसते आणि खडूने आजचे लिहिते. त्याच्या उजवीकडे बहुतेक ठिकाणी वीतभर जागा मोकळी असते. तिथे 'वाचता येणारे' असा एक रकाना आखावा, महिन्यातून एकदा भरावा, आणि तो कुणी भरायचा हे समितीतल्या बायकांनी ठरवावे. गाव येता-जाता तो पाहील. पाथर्डीच्या एखाद्या वाडीवर दिवाळीआधी तिथे एक आकडा असेल. एप्रिलमध्ये टोळ्या परत आल्या की तो उतरेल, आणि त्या मुलीने तो उतरलेला आकडाही तसाच लिहावा.